विचारायचा राहिलेला प्रश्न

माझ्या दवाखान्यातील कपाटात जुन्या केसपेपरांचे गठ्ठे आहेत. त्यांतील एक कार्ड मी गेली कित्येक वर्षे वेगळे काढून टेबलाच्या खणात ठेवले आहे. रुग्ण निवृत्त शिक्षक, वय ७२. (त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.) सहा महिन्यांत ते सात वेळा माझ्याकडे आले. नोंदी माझ्याच अक्षरांतील आहेत : झोप नाही, भूक मंद, पोट साफ होत नाही, पाठ दुखते, थकवा, वजन तीन किलो कमी. प्रत्येक भेटीत मी काही ना काही लिहून दिले. आम्लपित्ताची गोळी, शक्तीचे औषध, रेचक आणि अखेर झोपेची अर्धी गोळी. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला. सारे ‘नॉर्मल’ निघाले, याचे मला समाधानही वाटले.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, “डॉक्टर, या गोळ्या आता आणखी किती दिवस घ्यायच्या?” मी हसत म्हणालो, “सर, शंभरी पूर्ण होईपर्यंत.” तेही हसले. त्यानंतर अकराव्या दिवशी त्यांनी आपले जीवन संपवले.

त्यांच्या पत्नीचे वर्षभरापूर्वी निधन झाले होते, हे मला ठाऊक होते. त्यांनी वाचनालयात जाणे सोडले होते, हे मात्र मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळले. मी कधी विचारलेच नव्हते.

वाचकहो, हा लेख मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून लिहीत नाही. मी सिंधुदुर्गातील एक साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. परंतु त्या घटनेनंतर मी या विषयाचे जे वाचन केले, त्यात एका मनोविकारतज्ज्ञाच्या संशोधनाने मला अंतर्मुख केले, आणि योगायोग असा की त्या संशोधनाची एक वाट आमच्या शेजारच्या गोव्यापर्यंत येऊन पोहोचलेली होती.

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स यांनी आपली कारकीर्द एकाच प्रश्नाला वाहिली : वृद्धापकाळातील नैराश्य कसे बरे करावे, ते पुन्हा उलटू नये म्हणून काय करावे, आणि मुळात ते येऊच नये यासाठी काही करता येईल का. सत्तरीच्या माणसाला उदास वाटणारच, त्यात औषध कसले द्यायचे, असे आजही अनेक घरांत मानले जाते. खरे सांगायचे तर अनेक दवाखान्यांतही मानले जाते. रेनॉल्ड्स यांनी या समजुतीला वाद घालून उत्तर दिले नाही. त्यांनी मोजमाप करून उत्तर दिले.

या संशोधनामागे एक अस्वस्थ करणारे निरीक्षण होते. आत्महत्येने मृत्यू पावलेल्या वयस्कर व्यक्तींच्या शेवटच्या दिवसांचा मागोवा घेतला, तेव्हा असे आढळले की त्यांतील निम्म्याहून अधिक जण शेवटच्या महिन्याभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. मनोविकारतज्ज्ञाकडे नव्हे, तर माझ्यासारख्या डॉक्टरकडे. हे वाक्य मी प्रथम वाचले त्या रात्री ते कार्ड गठ्ठ्यातून बाहेर काढले.

मग प्रतिबंध तेथेच का करू नये? या विचारातून ‘प्रॉस्पेक्ट’ नावाचा अभ्यास उभा राहिला. समाजशास्त्रज्ञ डॉ. मार्था ब्रूस, रेनॉल्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या तीन शहरांच्या परिसरातील २० सर्वसाधारण दवाखाने निवडले. साठीवरील ५९८ नैराश्यग्रस्त रुग्ण त्यात होते. निम्म्या दवाखान्यांत नेहमीचेच उपचार चालू राहिले. उरलेल्या दवाखान्यांत एक जादा माणूस नेमला गेला, कोठे परिचारिका, कोठे समाजसेविका, कोठे मानसशास्त्रज्ञ. या व्यक्तीचे काम काय होते? रुग्णाशी ठरावीक काळाने बोलणे, दूरध्वनी करणे, गोळी घेतली का, त्रास झाला का, मन कसे आहे हे विचारणे आणि ते सारे डॉक्टरांच्या कानावर घालून उपचारात काय बदल हवा ते सुचवणे. औषध नको म्हणणाऱ्यांसाठी नातेसंबंध आणि वियोगदुःख यांवर भर देणारी समुपदेशनाची एक पद्धत उपलब्ध होती.

चार महिन्यांत, विशेष लक्ष दिलेल्या गटात आत्महत्येचे विचार असणाऱ्यांचे प्रमाण २९.४ टक्क्यांवरून १६.५ टक्क्यांवर आले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ते २०.१ वरून १७.१ वर, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांनी उतरले. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढे सुमारे आठ वर्षांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांत कोणत्याही कारणाने होणारे मृत्यूही विशेष लक्ष दिलेल्या दवाखान्यांत २४ टक्क्यांनी कमी आढळले.

येथे थोडी सावधगिरी हवी. या अभ्यासाने आत्महत्येचे विचार मोजले, आत्महत्येने होणारे मृत्यू नव्हेत. ते मोजण्यासाठी कितीतरी मोठी संख्या लागते. शिवाय दोन्ही गट आरंभी अगदी सारखे नव्हते, हे वरच्या आकड्यांतच दिसते. तरीही मला त्यातील एक गोष्ट मोलाची वाटते. तेथे कोणतेही नवे औषध वापरलेले नव्हते. फरक पाडला तो पाठपुरावा करणाऱ्या एका माणसाने. आपल्या घरांत ते काम सून, मुलगी, शेजारीण किंवा पगारी मदतनीसही करू शकते, आणि पुष्कळदा तेच करीत असतात.

बरे वाटले म्हणून औषध सोडावे का?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. रेनॉल्ड्स यांच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सत्तरीवरील ११६ जण होते. सर्वजण औषध आणि समुपदेशनाने सावरलेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत ज्यांचे औषध चालू ठेवले, त्यांतील सुमारे ३५ ते ३७ टक्क्यांना नैराश्य पुन्हा आले. ज्यांना औषधाऐवजी दिसायला तशीच पण औषधी घटक नसलेली गोळी दिली, त्यांच्यात हे प्रमाण ५८ ते ६८ टक्के होते. म्हणजे उतारवयातील नैराश्य उलटण्याची खोड असलेला आजार आहे. औषध केव्हा आणि कसे कमी करावे, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावे. पुडी संपली आणि आणायची राहिली, असे करून ते बंद होऊ नये.

आणखी काही व्यवहारातील गोष्टी सांगतो, कारण त्यांअभावी चांगले औषध बदनाम होते. नैराश्यावरील गोळीचा गुण पहिल्या आठवड्यात येत नाही. उतारवयात तर पुरता परिणाम दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. आरंभी मळमळ किंवा अस्वस्थपणा वाटू शकतो. वृद्धांना या गोळ्यांमुळे क्वचित रक्तातील सोडियम घटते. विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. माणूस एकाएकी गोंधळल्यासारखा करू लागला, तोल जाऊ लागला, तर ‘वयाचे आहे’ म्हणून थांबू नका, रक्त तपासून घ्या. तसेच थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ब जीवनसत्त्वाचा १२ क्रमांकाचा घटक एकदा पाहिलेला बरा. यांतील बिघाडही माणसाला असेच मरगळलेले करून ठेवतो. आणि केवळ झोपेच्या गोळीवर नैराश्य हटत नाही. रात्री उठताना पडून मांडीचे हाड मोडण्याची शक्यता तेवढी वाढते. मी स्वतः तीच चूक केली होती.

गोव्यातील ‘दिल’

आमच्या भागातील माणसाचा आजार बळावला की त्याला बांबोळीला नेतात. गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय तेथे आहे. त्याच कॉलेजातील डॉ. अमित डायस, ‘संगाथ’ या गोव्यातील संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि रेनॉल्ड्स यांनी मिळून गोव्याच्या ग्रामीण व शहरी भागांत एक प्रयोग केला. उतारवयातील नैराश्य या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘दिल’ असे नाव मिळाले. प्रयोगाला नावे कशी द्यावीत, हे या मंडळींकडून शिकावे.

‘संगाथ’ने त्यापूर्वी हे दाखवून दिले होते की मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या नैराश्यग्रस्तांपैकी ६४ टक्क्यांची लक्षणे ओसरतात, एरवी हे प्रमाण ३९ टक्के होते. मात्र तो अभ्यास ६५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींचा होता. ‘दिल’ने साठीपुढील माणसे घेतली. तीही अशी, की ज्यांना पुरते नैराश्य अजून आलेले नाही, पण उंबरठ्यावर उभी आहेत.

अशा १८१ व्यक्ती होत्या, सरासरी वय सत्तरीच्या आसपास, स्त्रियांची संख्या अधिक. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी प्रशिक्षित समुपदेशक येऊन बोलू लागले. बोलणे चार गोष्टींविषयी असे : अडचणी सोडवण्याची पद्धत, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी आणि सरकारी वैद्यकीय व सामाजिक योजनांचा लाभ मिळवून देण्यात मदत. वर्षअखेरीस नेहमीच्या उपचारांच्या गटातील ९० पैकी १३ जणांना तीव्र नैराश्य आले, तर समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी फक्त चौघांना. समुपदेशन मिळालेल्यांचा वरचा रक्तदाबही अधिक उतरला. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण तो आपल्या मातीतला आहे आणि मला त्यातील चौथी गोष्ट फार शहाणपणाची वाटते. पेन्शनचा अर्ज अडकला म्हणून रात्र-रात्र जागणाऱ्या म्हाताऱ्याला सकारात्मक विचारांचे पुस्तक देऊन काय उपयोग? त्याचा अर्ज पुढे सरकवून द्यावा.

अडचणी सोडवण्याची पद्धत कशी असते, ते माझ्याकडील एका आजींच्या उदाहरणाने सांगतो. वय ७६. मुलगा पुण्यात. “डॉक्टरांनू, माका रात्रभर झोप लागणा नाय,” एवढीच तक्रार. खोदून विचारल्यावर कळले की गुडघेदुखीमुळे देवळात जाणे बंद झाले, म्हणून मैत्रिणी भेटत नाहीत, म्हणून दिवस खायला उठतो. “आता जगान काय करूचा?” हेही त्या सहज बोलून गेल्या. या वेळी मी ते सहज सोडले नाही.

आम्ही एका कागदावर अडचण लिहिली. ‘म्हातारपण’ ही अडचण नव्हे. ती आपल्या हाती नाही. ‘मंगळवारी देवळात जाता येत नाही’ ही अडचण. मग तिच्यावरचे उपाय, वेडेवाकडे सुचतील तेही, लिहून काढले : काठी, रिक्षा, नातवंडाची सोबत, मैत्रिणींनाच घरी बोलावणे. त्यांतील एक त्यांनी निवडला, आठवडाभर करून पाहिला, फसला. रिक्षावाला वेळेवर आला नाही. मग दुसरा घेतला. आता मंगळवारी चौघी त्यांच्या पडवीत जमतात. औषधही चालू आहे, गुडघ्याचा व्यायामही. हे सारे जुळून यायला चार महिने लागले.

झोपेचे म्हणाल, तर नियम थोडे पण कडक आहेत. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. डोळ्यांवर झापड आल्यावरच अंथरुणावर जावे. झोप आली नाही तर तळमळत न पडता उठून बसावे. अंथरुणावर काढलेला एकूण वेळच कमी करावा. आम्हा कोकणवासीयांना यातील कठीण भाग दुपारचा. जेवणानंतरची ती दोन तासांची वामकुक्षी अर्ध्या तासावर आणणे हे रक्तदाब उतरवण्याहून अवघड काम आहे.

‘देवा, आता ने रे बाबा’

आपल्या घरांतील वडीलधारी माणसे हे वाक्य उठता-बसता म्हणतात. प्रत्येक वेळी घाबरून जावे का? मुळीच नाही. पुष्कळांच्या तोंडी ती मृत्यूशी झालेली समजूत असते. तसे म्हणणारी आजी पुढच्याच क्षणी “चहात आले का घातले नाही?” म्हणून रागावते. नातीच्या लग्नाची तारीख तिला पाठ असते. काळजी करावी ती चहाची चवच गेलेल्या माणसाची. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास आहे का, आणि पूर्वी ज्यात रस होता त्यातील रस गेला आहे का, हे दोन प्रश्न कोणीही विचारू शकते. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर डॉक्टरांकडे न्यावे.

उतारवयातील नैराश्य पुष्कळदा दुःख म्हणून बोलत नाही. ते पोट, पाठ, छातीतील धडधड आणि ‘काही आठवत नाही’ या तक्रारींच्या भाषेत बोलते. रोजचा पाठ किंवा वर्तमानपत्र सुटणे, दाढी न करणे, औषधे मुद्दाम चुकवणे, ‘मी तुम्हांला ओझे झालो’ असे वारंवार म्हणणे, निरवानिरवीची एकाएकी घाई, या खुणा आहेत. यांतील निरवानिरव एकटी असेल तर तो सुज्ञपणाही असतो. बाकीच्या खुणांबरोबर आली तर ती हलकी लेखू नये. जोडीदाराच्या निधनानंतरचे पहिले वर्ष, रुग्णालयातून नुकतेच घरी येणे, दीर्घ वेदना, दृष्टी किंवा श्रवण मंदावणे आणि मद्यपान, या काळात डोळे अधिक उघडे ठेवावेत. वृद्ध पुरुषांचे प्रयत्न तरुणांच्या तुलनेत फार अधिक वेळा प्राणघातक ठरतात. दुसरी संधी मिळेलच असे नसते.

मग विचारायचे कसे? पायरी-पायरीने. “अलीकडे जगण्याचा कंटाळा आल्यासारखे वाटते का?” त्यावर होकार आला, तर “आपण नसतो तर बरे, असे मनात येते का?” आणि मग स्पष्टपणे, “जीव संपवावा असा विचार येतो का? काही ठरवले आहे का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेकांना वाटते. मलाही वाटत असे. संशोधनाने ती निराधार ठरवली आहे. प्रत्यक्षात विचारणाऱ्यासमोर माणूस मोकळा होतो. उत्तर ऐकल्यावर “असे अभद्र बोलू नका” म्हणू नये. “नातवंडांचा तरी विचार करा” हेही नको, कारण तो माणूस नातवंडांचाच विचार करीत असतो आणि त्यांना आपले ओझे नको असे त्याला वाटत असते. गप्प बसून ऐकावे. “हे फार जड आहे, आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ,” एवढे पुरते.

ठरवले आहे असे उत्तर आले, तर त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. घरातील औषधांचा साठा घरच्या एका माणसाच्या ताब्यात असावा, एका वेळी आठवड्याचाच आणावा. शेती असेल तर फवारणीची औषधे घरात नकोत, कुलपात हवीत. ही टोकाची लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते. तेवढा वेळ मिळवून देणे, हा या खबरदारीचा अर्थ आहे.

पोलिसांच्या भीतीने हे प्रकार लपवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. डॉक्टरांपासून काही लपवू नका. देशात २०२२ या एका वर्षात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत २२,७४६ या संख्येने महाराष्ट्र सर्वांत वर आहे. ही नुसती नोंदलेली संख्या.

आणि आपण, जे रात्रीबेरात्री उठून कोणाची तरी उशी सारखी करता, आपली झोप कशी आहे? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांमध्ये नैराश्य पुष्कळ आढळते. वरचे दोन प्रश्न स्वतःलाही विचारा. महिन्यातून दोन दिवस तरी दुसऱ्या कोणाकडे जबाबदारी सोपवा. भावंडे असतील तर हे न संकोचता मागा.

मनोविकारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयांत भेटू शकतात. ‘टेलिमानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी ‘एल्डरलाइन’ १४५६७ आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावावेत.

पुढच्या वेळी आजोबांना डॉक्टरांकडे नेताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर आणखी दोन ओळी लिहून न्या : त्यांनी अलीकडे काय करणे सोडले, आणि केव्हापासून. माझ्या केसपेपरावर रक्तदाबाच्या रकान्याखाली आता त्यासाठी एक जागा छापून घेतली आहे. गर्दीच्या दिवशी ती कधी रिकामी राहते. संध्याकाळी कार्डे लावताना ते दिसते, आणि मग मी त्या घरी फोन करतो.